आजोबा दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते: त्यांच्या सेवेच्या नोंदी कुठे आणि कशा शोधाव्यात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमचे आजोबा सातारा जिल्ह्यातल्या गावातून १९४२ च्या सुमारास हवाई दलात भरती झाले, १९४६ मध्ये परतले आणि पुढे जिल्हा लोकल बोर्डाच्या नोकरीत राहिले. घरात त्यांचा गणवेशातला एक फोटो, चांदणीच्या आकाराचे एक पदक आणि वायव्य सरहद्दीवरील कोहाटहून आजीला आलेले एक पत्र एवढेच उरले आहे. डिस्चार्जचा कागद सापडत नाही, सेवा क्रमांक कोणालाच ठाऊक नाही आणि ‘ते विमान चालवायचे’ असे घरात सांगितले जाते. नोंदी दिल्लीत मिळतील की लंडनमध्ये, असे तुम्ही विचारले आहे.

आजोबा भारतीय हवाई दलात असतील तर त्यांची वैयक्तिक नोंद दिल्लीतच शोधावी लागेल. लंडनमध्ये मिळाली तर त्यांच्या तुकडीची नोंद मिळेल. वैयक्तिक सेवापत्रक आणि तुकडीची दैनंदिनी ही दोन वेगवेगळी दप्तरे आहेत हे सुरुवातीलाच ध्यानात घेतले नाही, तर माणूस एका दप्तरात दुसऱ्याची उत्तरे शोधत बसतो. सेवापत्रकात भरतीची तारीख, हुद्दा, काम, बदल्या आणि सेवामुक्तीची तारीख असते. त्या काळात प्रत्यक्ष काय घडले याबद्दल त्यात बहुधा एक ओळही नसते. तुकडीच्या दैनंदिनीत दिवसागणिक काय घडले ते असते, परंतु तिच्यात तुमच्या आजोबांचे नाव असेलच असे नाही. दोन्ही दप्तरे एकमेकांना जोडायची तर सेवा क्रमांक आणि तुकडीचे नाव या दोन गोष्टी हाती लागाव्या लागतात. म्हणून दिल्लीला अर्ज करण्याआधी घरातले आणि जिल्ह्यातले काम पुरे करावे.

‘विमान चालवायचे’ हे विधान तपासून घेणे आवश्यक आहे. भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची आणि पहिली स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोड तळावर उभी राहिली. युद्ध सुरू झाले तेव्हा एकच स्क्वाड्रन होती आणि संपले तेव्हा नऊ होत्या. मनुष्यबळ तोवर सुमारे २८,५०० पर्यंत पोचले होते आणि त्यांत अधिकारी साधारण १,६०० होते. वैमानिक या अधिकाऱ्यांपैकी फक्त काही जण. राहिलेले सारे जण फिटर, रिगर, फ्लाइट मेकॅनिक, आर्मरर, वायरलेस ऑपरेटर, वाहनचालक, भांडारपाल, कारकून असे जमिनीवरचे लोक होते. एक हरिकेन विमान हवेत जायचे तर त्याच्यामागे यांतल्या अनेकांचे हात लागत. गावाकडे मात्र हवाई दल म्हणजे विमान आणि विमान म्हणजे चालवणे, एवढाच अर्थ निघत असे. आजोबा ग्राउंड क्रूमध्ये होते असे निष्पन्न झाले तर ते कमीपणाचे मानू नये; उलट शोधाची दिशा लवकर ठरते, कारण अधिकारी आणि एअरमन (अधिकारी नसलेले सारे) यांची दप्तरे वेगळ्या ठिकाणी असतात.

याचा पहिला पुरावा तुमच्या हातातला फोटोच आहे. चांगल्या स्कॅनरवर तो मोठ्या रिझोल्यूशनने स्कॅन करावा आणि छाती, बाही, टोपी हे तिन्ही भाग स्वतंत्रपणे मोठे करून पाहावेत. डाव्या खिशाच्या वर दोन्ही बाजूंना पसरलेले पंख असतील तर माणूस वैमानिक. एकच पंख आणि त्याच्या मुळाशी वर्तुळात अक्षर असेल तर तो विमानात बसणारा, परंतु वैमानिक नव्हे: निरीक्षक, नॅव्हिगेटर किंवा एअर गनर. बाहीवर दोन पात्यांचा आडवा पंखा शिवलेला असेल तर तो लीडिंग एअरक्राफ्ट्समन या हुद्द्याचा, म्हणजे कॉर्पोरलच्या खालच्या पायरीचा एअरमन. मुठीतून विजेच्या रेषा निघताना दिसत असतील तर काम वायरलेसचे. दोन किंवा तीन फितींची व्ही-आकाराची खूण कॉर्पोरल आणि सार्जंटची. यांतले काहीच नसेल आणि टोपी साधी असेल, तर फोटो भरतीनंतरच्या पहिल्या काही महिन्यांतला असण्याचा संभव आहे. तेव्हा बहुतेक जण स्टुडिओत जाऊन असा एक फोटो काढून घरी पाठवत. फोटोच्या मागचा स्टुडिओचा शिक्काही वाचावा. लाहोर, अंबाला, बंगळूर किंवा पुणे यांपैकी गावाचे नाव मिळाले तरी प्रशिक्षण कोणत्या भागात झाले याचा माग लागतो.

कागदांवर दलाचे नाव कसे छापले आहे तेही पाहावे. ‘रॉयल’ हे बिरूद मार्च १९४५ मध्ये मिळाले आणि जानेवारी १९५० मध्ये प्रजासत्ताकाबरोबर गेले. त्यामुळे एखाद्या तारीख नसलेल्या कागदावर ‘रॉयल इंडियन एअर फोर्स’ असेल तर तो मार्च १९४५ नंतरचा, हे निश्चित धरता येते. छापील कागद शिल्लक राहिला म्हणून नंतरही वापरला जाई, त्यामुळे उलट दिशेचा निष्कर्ष तितक्या खात्रीने काढू नये.

आजोबा हवाई दलात नव्हतेच, ही शक्यताही मोकळ्या मनाने तपासावी. माझ्याकडे येणाऱ्या चौकशांत हे वरचेवर आढळते. भूदलाच्या पुरवठा दलातील काही तुकड्या विमानांतून रसद टाकण्याचे काम करत. त्यांतला जवान ‘मी विमानात होतो’ असे सांगे आणि ते खरेही असे, पण त्याच्या नोंदी भूदलाच्या संबंधित नोंद कार्यालयात असतात. पॅराशूट ब्रिगेडचेही तेच. बंगळूरचा हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखाना डिसेंबर १९४० मध्ये सुरू झाला आणि युद्धकाळात तिथे अमेरिकन हवाई दलाच्या विमानांची दुरुस्ती मोठ्या प्रमाणावर होई. तिथला कामगार मुलकी होता, सैनिक नव्हे. ब्रिटिश रॉयल एअर फोर्सच्या भारतातील तळांवरही भारतीय लोक फॉलोअर म्हणून स्वयंपाकी, धोबी, भिस्ती अशा कामांवर असत. तुमच्याकडे युद्धपदक आहे, त्यामुळे मुलकी कामगाराची शक्यता जवळजवळ मिटते; पण भूदल की हवाई दल हा प्रश्न फोटो आणि क्रमांक यांवरूनच सुटेल.

पदकाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण त्यातून तुम्हाला वाटते त्यापेक्षा अधिक माहिती निघते. दुसऱ्या महायुद्धातील सगळ्या स्टार पदकांचा आकार एकच, सहा टोकांचा. फरक मधल्या वर्तुळाभोवती लिहिलेल्या नावात आणि फितीच्या रंगांत असतो. मधोमध सहाव्या जॉर्जची मुद्रा आणि भोवती नाव असते. भिंग घेऊन ते वाचावे. फक्त ‘१९३९–४५ स्टार’ असेल तर फितीवर गडद निळा, तांबडा आणि फिकट निळा असे तीन समान पट्टे, म्हणजे नौदल, भूदल आणि हवाई दल. ‘बर्मा स्टार’ असेल तर फीत गडद निळी, मध्यभागी रुंद तांबडा पट्टा आणि दोन्ही निळ्या भागांत एकेक बारीक नारिंगी रेघ. बर्मा स्टार ब्रह्मदेश आघाडीच्या ठरवून दिलेल्या प्रदेशात सेवा केल्याशिवाय मिळत नसे. विमानातील कर्मचाऱ्यांसाठी त्या प्रदेशावर एक युद्धोड्डाण पुरेसे होते. म्हणजे हे पदक असेल तर आजोबा केवळ कोहाट किंवा अंबाल्याला राहिले नाहीत, पूर्व आघाडीवर गेले होते, असे सिद्ध होते. त्यांच्या पदकांत एखादे गोल पदक असून त्याच्या मागे भारताचा नकाशा असेल तर ते ‘इंडिया सर्व्हिस मेडल’. आघाडीपासून दूर, भारतातच तीन वर्षे सेवा केलेल्यांना ते देत. सिंह दोन तोंडांच्या ड्रॅगनवर उभा असलेले गोल पदक ‘वॉर मेडल’, आणि ते जवळपास सर्वांनाच मिळे. गोल पदकांच्या कडेवर क्रमांक आणि नाव कोरलेले आहे का ते तिरप्या उजेडात पाहावे. कृपा करून पदक चिंचेने किंवा ब्रासोने घासून चकचकीत करू नये. कोरीव अक्षरे आधीच उथळ असतात.

फीत कुजल्यामुळे किंवा कोणीतरी हौसेने बदलल्यामुळे चुकीची असू शकते. तेव्हा फितीपेक्षा धातूवरच्या अक्षरांवर विश्वास ठेवावा.

आता सेवा क्रमांक. तो जिल्ह्यातच मिळण्याची शक्यता लोकांना वाटते त्याहून बरीच जास्त असते. पहिले ठिकाण साताऱ्याचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. दुसऱ्या महायुद्धातील माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य शासनाकडून मासिक अनुदान दिले जाते, आणि ते मागताना डिस्चार्जचा पुरावा जोडावा लागे. तुमच्या आजोबांनी किंवा आजींनी कधीही अर्ज केला असेल, मग तो मंजूर झालेला असो वा नसो, तर नोंदवहीत क्रमांक, दल आणि सेवेचा कालावधी सापडू शकतो. नोंदवहीतील नोंद पाहायची आहे असे सांगून नातवाच्या नात्याचा पुरावा घेऊन समक्ष जावे. फोनवर हे काम होत नाही. दुसरे ठिकाण आजोबांचे लोकल बोर्डातील सेवापुस्तक. युद्धसेवा केलेल्या उमेदवारांना सरकारी आणि निमसरकारी नोकऱ्यांत प्राधान्य असे, आणि आधीची लष्करी सेवा ज्येष्ठतेसाठी किंवा निवृत्तिवेतनासाठी धरायची असल्यास तिची नोंद सेवापुस्तकाच्या पहिल्या काही पानांत केली जाई. लोकल बोर्डाची दप्तरे १९६२ नंतर जिल्हा परिषदेकडे गेली. निवृत्तिवेतनाच्या कागदांबरोबर सेवापुस्तकाची प्रत घरीच असण्याचीही शक्यता आहे. आजींच्या कुटुंब निवृत्तिवेतनाची फाइल एकदा शांतपणे चाळावी.

नावाच्या रूपाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. भरतीच्या टेबलावर बसलेला कारकून बहुधा मराठी नसे आणि तो कानाला ऐकू आले तसे इंग्रजीत लिहून घेई. फडके हे आडनाव ‘पी-एच’नेही लिहिलेले सापडते आणि ‘एफ’नेही, ‘व’च्या जागी कधी ‘व्ही’ तर कधी ‘डब्ल्यू’ आणि ‘ळ’च्या जागी कधी ‘एल’ तर कधी ‘आर’. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव हा क्रम सर्वांच्या अंगवळणी पडलेला आहे, पण लष्करी यादीत अनेकदा वडिलांचे नावच आडनाव म्हणून चढलेले असते. ग्रामीण भागातून आलेल्यांच्या बाबतीत आडनाव मुळीच लिहिलेले नसणे हेही नेहमीचे. जन्मतारखेचे तर बोलायलाच नको: वयाची अट बसवण्यासाठी तरुण मुले एखाद-दुसरे वर्ष वाढवून सांगत. म्हणून अर्ज करताना नावाची तुम्हाला सुचतील ती सर्व रूपे, वडिलांचे नाव, गाव, तालुका आणि त्या काळातले जिल्ह्याचे नाव असे सगळे द्यावे. साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे भाग १९४९ मध्ये झाले; युद्धकाळात जिल्हा एकच होता आणि औंध, फलटण ही संस्थाने वेगळी होती. संस्थानी प्रजेच्या नोंदीत जिल्ह्याऐवजी संस्थानाचे नाव असू शकते.

एवढी तयारी झाली की दिल्ली. एअरमन म्हणजे अधिकारी नसलेल्या सर्वांची सेवादप्तरे हवाई दलाच्या नोंद कार्यालयाकडे असतात आणि ते नवी दिल्लीत सुब्रोतो पार्क येथे आहे. अधिकाऱ्यांच्या बाबतीत पत्रव्यवहार हवाई दल मुख्यालयातील अधिकारी कार्मिक विभागाशी करावा लागतो. अर्ज साधा, एका पानाचा असावा: कोणाची नोंद हवी, तुमचे नाते काय, कोणता तपशील ठाऊक आहे आणि नेमके काय हवे. सोबत आजोबांच्या मृत्यूचा दाखला, वारसाचा किंवा नात्याचा पुरावा, तुमचे ओळखपत्र, आणि फोटो व पदकाच्या स्पष्ट छायाप्रती जोडाव्यात. मूळ पदक किंवा मूळ पत्र कोणत्याही कार्यालयाला कधीही पाठवू नये. अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवावी.

या टप्प्यावर एक कटू शक्यता सांगणे भाग आहे. युद्धापुरते भरती होऊन तीन-चार वर्षांत मोकळे झालेल्या बहुसंख्य लोकांना निवृत्तिवेतन नव्हते, आणि लष्करी नोंद कार्यालयांत निवृत्तिवेतन नसलेल्यांची कागदपत्रे ठरावीक मुदतीनंतर, सामान्यतः २५ वर्षांनी, नष्ट करण्याची पद्धत आहे. त्यामुळे ‘दस्तऐवज नियमानुसार नष्ट करण्यात आले आहेत’ असे उत्तर येऊ शकते. पुष्कळ जण तिथेच थांबतात. थांबू नये. दस्तऐवजांचे बाड नष्ट झाले तरी ‘लाँग रोल’ नावाची नोंदवही वेगळी ठेवली जाते आणि तिच्यात क्रमांक, नाव, भरती आणि सेवामुक्तीच्या तारखा असा एका ओळीचा गोषवारा असतो. म्हणून पहिल्याच अर्जात स्पष्ट लिहावे की सेवादप्तर उपलब्ध नसल्यास लाँग रोलमधील नोंदीचा उतारा मिळावा. हे शब्द अर्जात नसतील तर तो उतारा कोणी आपणहून देत नाही.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज सर्वांत आधी करण्याचा सल्ला बरेच जण देतात. माझे मत वेगळे आहे. २००५ च्या त्या कायद्यात वैयक्तिक माहितीला कलम ८(१)(ञ) खाली अपवाद आहे, आणि सेवादप्तर मागितले की हेच कलम पुढे केले जाते. वारस म्हणून केलेला साधा अर्ज अशा वेळी अधिक सहज चालतो. माहितीचा अधिकार वापरावा तो ‘अमुक कालखंडातील दप्तर कोणत्या कार्यालयाकडे आहे, नष्ट केले असल्यास कोणत्या आदेशाने’ अशा प्रश्नांसाठी, म्हणजे माणसाबद्दल नव्हे तर कागदांच्या ठावठिकाण्याबद्दल.

आजोबा अधिकारी निघाले तर काम पुष्कळ सोपे होते. अधिकाऱ्यांच्या नेमणुका आणि बढत्या राजपत्रात छापल्या जात. शौर्यपदके लंडन गॅझेटमध्ये येत आणि ते राजपत्र संगणकावर शोधता येते. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरांबरोबर त्या काळातील लष्करी याद्या आहेत. ‘भारत रक्षक’ या संकेतस्थळावर अभ्यासकांनी हवाई दलाच्या अधिकाऱ्यांची जी सूची तयार केली आहे ती युद्धकाळापर्यंत मागे जाते आणि सेवा क्रमांक, नेमणुकीची तारीख, शाखा अशी माहिती देते. शोधाची सुरुवात म्हणून ती उत्तम आहे, मात्र अर्जाला जोडायचा पुरावा मूळ राजपत्राचाच असावा. मुंबईचे ऋषिकेश मूळगावकर, जे पुढे १९७६ ते १९७८ हवाई दलप्रमुख होते, त्यांना १९४० मध्ये कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक, मिळाले होते. अशा अधिकाऱ्याचा माग राजपत्रातून टप्प्याटप्प्याने लागतो. त्याच काळातल्या फिटरचा तसा लागत नाही.

आता तुकडीच्या दैनंदिनीकडे वळू, कारण खरी मौज तिथे आहे. रॉयल एअर फोर्सच्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक स्क्वाड्रन दरमहा ‘ऑपरेशन्स रेकॉर्ड बुक’ लिहीत असे आणि भारतीय स्क्वाड्रनांनीही तीच पद्धत पाळली. तिचे दोन भाग असतात. फॉर्म ५४० मध्ये ठिकाण, तारीख, वेळ आणि घटनांचा सारांश येतो: आज पाऊस, धावपट्टी चिखलात, नवीन अधिकारी रुजू झाला, हॉकीचा सामना जिंकला, अमुक विमान परतले नाही. फॉर्म ५४१ मध्ये प्रत्येक उड्डाणाचा तपशील: विमानाचा प्रकार आणि क्रमांक, चालक दलाची नावे, कामगिरी, उड्डाणाची आणि उतरण्याची वेळ, काय दिसले, कशावर मारा केला. एअरमनचे नाव फॉर्म ५४१ मध्ये येत नाही. फॉर्म ५४० मध्ये ते अपघात, आजारपण, बढती किंवा प्रशंसापत्र अशा प्रसंगीच येते. तरीही दैनंदिनी वाचावीच. आजोबा एका स्क्वाड्रनमध्ये फेब्रुवारी १९४४ मध्ये होते एवढे कळले, तर त्या महिन्यात त्यांनी कोणत्या विमानांची देखभाल केली, ती कुठे गेली आणि त्यांपैकी किती परतली हे त्यांच्या तुकडीच्या पानांवरून समजते.

तुमच्याकडे ‘कोहाट’ आहे. दुर्दैवाने कोहाट एकट्याने काहीच ठरवत नाही. वायव्य सरहद्दीवरील पहाऱ्याचे काम स्क्वाड्रन आळीपाळीने करत आणि कोहाट हा त्यासाठीचा प्रमुख तळ होता, त्यामुळे वेगवेगळ्या काळात अनेक भारतीय स्क्वाड्रन तिथे राहून गेल्या. पत्राची तारीख मात्र कोहाटला अर्थ देते. पत्र १९४३ च्या अखेरचे असेल तर पहिली स्क्वाड्रन तेव्हा तिथे होती, आणि हीच स्क्वाड्रन फेब्रुवारी १९४४ मध्ये अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली हरिकेन विमाने घेऊन इंफाळला गेली आणि सुमारे १४ महिने आघाडीवर राहिली. हे जुळले आणि पदक बर्मा स्टार निघाले, तर पहिल्या स्क्वाड्रनची शक्यता बळकट होते. सिद्ध मात्र होत नाही, कारण एअरमनची बदली स्वतंत्रपणेही होत असे. याच प्रकारे दुसऱ्या खुणा जुळवता येतात. सातव्या आणि आठव्या स्क्वाड्रनकडे व्हेंजन्स ही सूर मारून बॉम्ब टाकणारी विमाने होती. घरात ‘व्हेंजन्स’ हा शब्द कुणाच्या आठवणीत असेल तर शोध दोन स्क्वाड्रनांपुरता उरतो. सहावी स्क्वाड्रन मेहर सिंग यांच्या हाताखाली हरिकेनमधून टेहळणी करी. चौथी स्क्वाड्रन १९४६ मध्ये स्पिटफायर घेऊन जपानला गेली होती, त्यामुळे ट्रंकेत एखादी जपानी वस्तू निघाली तर तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. पाचव्या क्रमांकाची स्क्वाड्रन युद्धकाळात उभीच राहिली नाही. कोणी तसे सांगत असेल तर क्रमांक किंवा काळ यांत गफलत आहे. आणि मुंबईत राहिलेल्यांनी जुहूची किनारा संरक्षण तुकडी विसरू नये. अशा तुकड्या कराची, मद्रास, कलकत्ता, कोचीन आणि विशाखापट्टणम येथेही होत्या आणि पुढे बरखास्त झाल्यावर त्यांतले लोक नव्या स्क्वाड्रनांत गेले.

पत्राचे पाकीट शिल्लक असेल तर त्यावरचा टपाल शिक्का पत्राइतकाच मोलाचा आहे. आघाडीवरील टपाल फील्ड पोस्ट ऑफिसच्या क्रमांकाने जाई, गावाचे नाव त्यावर नसे. क्रमांक आणि तारीख मिळाली तर ते कार्यालय तेव्हा कुठे होते याच्या याद्या टपाल-संग्राहकांनी तयार केलेल्या आहेत. पुण्या-मुंबईच्या टपाल-संग्राहकांच्या मंडळांत विचारावे, या विषयावर ते लोक आनंदाने वेळ देतात.

दैनंदिन्या पाहायच्या ठिकाणी आता येऊ. लंडनजवळ क्यू येथे ब्रिटनचे राष्ट्रीय अभिलेखागार आहे आणि तिथल्या ‘एअर २७’ या मालिकेत ब्रिटिश स्क्वाड्रनांबरोबरच राष्ट्रकुलातील व मित्रदेशांच्या स्क्वाड्रनांच्याही दैनंदिन्या आहेत. ‘एअर २८’ मध्ये तळांच्या आणि ‘एअर २९’ मध्ये प्रशिक्षण शाळा, दुरुस्ती केंद्रे अशा किरकोळ तुकड्यांच्या नोंदी येतात; ग्राउंड क्रूच्या वंशजांनी या दोन मालिका आवर्जून पाहाव्यात, कारण त्यांचे पूर्वज स्क्वाड्रनमध्ये नसून तळावर असण्याची शक्यता मोठी असते. भारतात संरक्षण मंत्रालयाचा इतिहास विभाग नवी दिल्लीत रामकृष्णपुरम येथे आहे. युद्धाचा अधिकृत इतिहास तयार करताना गोळा झालेली कागदपत्रे तिथे आहेत आणि संशोधकाला लेखी परवानगी घेऊन ती पाहता येतात. जनपथावरील राष्ट्रीय अभिलेखागाराची सूची ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर शोधता येते, परंतु तिथे धोरण, भरती, भत्ते अशा विषयांच्या फायली अधिक. एखाद्या एअरमनचे नाव सापडणे हा योगायोग. १९०९ पासून निघणारे ‘फौजी अखबार’, ज्याचे पुढे ‘सैनिक समाचार’ झाले, त्याचे युद्धकाळातील अंक मिळाले तर छायाचित्रे आणि तुकड्यांच्या बातम्यांसाठी चाळावेत. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या छायाचित्रसंग्रहातही ब्रह्मदेश आघाडीवरील भारतीय स्क्वाड्रनांचे फोटो आहेत आणि काहींच्या मजकुरात एअरमनची नावे व गावे दिलेली असतात.

ब्रिटनच्या संरक्षण खात्याकडे सेवापत्रकासाठी अर्ज करावा का, असे तुम्ही विचारलेत. तुमचे आजोबा भारतीय हवाई दलात असतील तर करू नये. तिथे रॉयल एअर फोर्समधील लोकांची दप्तरे होती आणि २०२२ पासून तीही टप्प्याटप्प्याने राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जात आहेत. पूर्वज खरोखरच रॉयल एअर फोर्समध्ये असेल तरच हा मार्ग, आणि त्याचा क्रमांक ठाऊक नसेल तर ‘एअर ७८’ ही एअरमनची नामसूची आधी पाहावी. पहिल्या महायुद्धातील अधिकारी ‘एअर ७६’ मध्ये आणि एअरमन ‘एअर ७९’ मध्ये सापडतात.

तुमचे आजोबा सुखरूप परतले, त्यामुळे पुढील भाग तुम्हाला लागू नाही. पण हेच शोधणारे दुसरे वाचक असतील. युद्धात मृत्यू आला असेल तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची सूची सर्वांत आधी पाहावी. तिच्यात दुसऱ्या महायुद्धासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ एवढा काळ धरला आहे. दहन झालेल्यांचे थडगे नसते, नाव स्मारकावर असते, आणि दक्षिण व पूर्व आशियात ज्या वैमानिकांचा ठावठिकाणा लागला नाही त्यांची नावे सिंगापूरच्या क्रांजी स्मारकावर आहेत. पुण्याजवळच्या खडकी येथील युद्धसमाधीस्थळ तर आपल्या हाकेच्या अंतरावर आहे. इथेही नावाच्या रूपाने घोळ होतो. मुंबईचे लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर पहिल्या महायुद्धात २३ व्या स्क्वाड्रनचे डॉल्फिन विमान चालवत होते. जून १९१८ मध्ये ते पडले आणि ३० जून रोजी त्यांचा मृत्यू झाला. जर्मनांनी त्यांना पुरताना नाव चुकीचे लिहिले, त्यामुळे युद्ध संपल्यानंतरच त्यांच्या थडग्याची ओळख पटली. आज ते फ्रान्समधील हँगार्ड येथे आहे.

शेवटी खर्चाबद्दल. क्यूला स्वतः जाण्याची गरज नाही. ‘एअर २७’ मधील बऱ्याच दैनंदिन्या संगणकीकृत आहेत आणि उतरवून घेता येतात. ज्या नाहीत त्यांच्यासाठी तिथे शुल्क घेऊन काम करणारे संशोधक मिळतात. परंतु ‘माझ्या आजोबांबद्दल जे मिळेल ते शोधा’ असे काम त्यांना देऊ नये, पैसे तासाप्रमाणे जातात. स्क्वाड्रनचा क्रमांक आणि महिने निश्चित करून, फॉर्म ५४० आणि ५४१ या दोन्हींच्या त्या महिन्यांच्या प्रती हव्यात असे लिहावे. बरेच जण फक्त ५४० मागवतात आणि उड्डाणांचे तपशील मागे राहतात. लाँग रोलचा उतारा हाती येईपर्यंत हा खर्च करू नये. तोवर साताऱ्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन यावे आणि पदकावरची अक्षरे वाचून घ्यावीत.